बारापुल्ल्यापलीकडचे नागसेनवन

महाविद्यालयाचा इतिहास लिहिताना मराठीत सामान्यतः स्थापनेचे वर्ष, संस्थापकांची नावे, प्राचार्यांची परंपरा, इमारतींचा विस्तार आणि नामवंत माजी विद्यार्थी एवढ्या गोष्टींची नोंद होते. विद्यार्थी त्या इमारतीपर्यंत कोणत्या गावातून, कोणत्या वाटेने आणि काय काय ओलांडून आला, हा प्रश्न मात्र त्या इतिहासात क्वचितच विचारला जातो. मराठवाड्याच्या बाबतीत हा प्रश्न टाळता येत नाही, कारण येथील एका मोठ्या समाजाला महाविद्यालयाच्या दारापर्यंत जाण्याची वाटच शतकानुशतके नव्हती, आणि ती उघडली तेव्हा तिच्यावर एक जुना दगडी पूल होता. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील मिलिंद महाविद्यालय आणि त्याच्या वाटेवरचा खाम नदीवरील बारापुल्ला दरवाजाचा पूल यांचा एकत्र विचार नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या बाजूने करणे, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

महाविद्यालय आणि पूल यांची जोडी म्हटली की सुशिक्षित मराठी वाचकाला बहुधा केंब्रिजच आठवते, आणि त्यालाही कारण आहे. १५११ मध्ये स्थापन झालेल्या सेंट जॉन्स कॉलेजात दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे शिकले आणि १८९९ मध्ये ते सीनियर रँग्लर झाले. म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या ‘ट्रायपॉस’ नावाच्या पदवी परीक्षेत पहिल्या वर्गात प्रथम येण्याचा मान त्यांनी बर्टविसल या इंग्रज विद्यार्थ्याबरोबर विभागून मिळवला, आणि ‘रँग्लर’ ही पदवी मराठीत त्यांच्या नावाला कायमची चिकटली. त्यांच्या कॉलेजातून कॅम नदी वाहते आणि तिच्यावर १८३१ मध्ये हेन्री हचिन्सन या वास्तुविशारदाने रचलेला, बाजूंनी आणि वरून झाकलेला ‘ब्रिज ऑफ साइज’, म्हणजे ‘उसाशांचा पूल’, आहे. व्हेनिसमध्ये न्यायालय आणि तुरुंग यांना जोडणाऱ्या पुलाचे नाव त्याला पडले. तो देखणा आहे आणि जगभरचे प्रवासी तो पाहायला जातात. परंतु त्याच्याविषयी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, ती ही की तो कॉलेजच्या जुन्या चौकाला कॉलेजच्याच नव्या चौकाशी जोडतो, म्हणजे जो आधीच आत आला आहे त्याच्याचसाठी तो बांधलेला आहे. बारापुल्ल्याची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. तो महाविद्यालयाने बांधलेला नाही, महाविद्यालयाच्या मालकीचा नाही, त्याच्याविषयी चित्रमय पुस्तकेही निघालेली नाहीत. तरीही शहराकडून येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आत येण्याची वाट त्याच्यावरूनच गेली.

या वाटेचे महत्त्व कळण्यासाठी १९४८ पूर्वीची स्थिती पाहिली पाहिजे. नांदेड हा तेव्हा हैदराबाद संस्थानातील जिल्हा होता. आजचा लातूर जिल्हा त्या काळी एक घटक म्हणून अस्तित्वातच नव्हता, त्यातला लातूर-औशाकडचा भाग उस्मानाबाद जिल्ह्यात, तर उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात मोडत. या सबंध मुलखातल्या विद्यार्थ्याला पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठावे लागे. तेथे १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले होते आणि त्याचे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. भारतीय भाषेतून आधुनिक उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग शिक्षणाच्या इतिहासात मोलाचा आहे, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की मराठी, तेलुगू किंवा कन्नड घरातून आलेल्या मुलासाठी ती भाषा शाळेतच शिकावी लागणारी दुसरी भाषा होती. मराठवाड्यात सरकारी कॉलेज होते ते औरंगाबादला, १९२३ मध्ये सुरू झालेले इंटरमिजिएट कॉलेज. इंटरमिजिएट म्हणजे मॅट्रिकनंतरची आणि पदवीच्या अलीकडची दोन वर्षे. नोव्हेंबर १९३८ मध्ये वंदे मातरम् म्हणण्यावरून विद्यार्थ्यांची जी चळवळ उभी राहिली ती याच कॉलेजातून हैदराबादेत पोचली आणि तेथून काढून टाकलेल्या कित्येक विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. ज्यांच्या घरी निदान प्रवासखर्चाची आणि पुस्तकांची सोय होती त्यांची ही अवस्था. गावकुसाबाहेरच्या वस्तीतील मुलाला प्राथमिक शाळेच्या पडवीत बसायला मिळाले तरी ते भाग्य मानले जाई.

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात विलीन झाले आणि दोनच वर्षांत, १९५० मध्ये, मराठवाड्याच्या दोन टोकांना दोन महाविद्यालये उभी राहिली. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने नांदेड एज्युकेशन सोसायटीचे पीपल्स कॉलेज सुरू झाले, जेथे पुढे नरहर कुरुंदकरांनी अध्यापन केले आणि प्राचार्यपदही सांभाळले, तर औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने आपले महाविद्यालय काढले. एक हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या पोटातून आले, दुसरे सामाजिक मुक्तीच्या लढ्यातून. या दोन प्रवाहांनी परस्परांना किती ओळखले आणि किती दुरून पाहिले, हा मराठवाड्याच्या बौद्धिक इतिहासातला कळीचा प्रश्न असून त्याचे परिणाम पुढे १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वेळी फार कठोरपणे दिसून आले. नांदेडच्या इतिहासलेखनात पीपल्स कॉलेजविषयी जेवढे लिहिले गेले आहे त्याच्या तुलनेत नांदेड जिल्ह्यातून औरंगाबादला गेलेल्या विद्यार्थ्यांविषयी फारच थोडे लिहिले गेले, ही उणीव येथे स्पष्टपणे नोंदवली पाहिजे.

पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना ८ जुलै १९४५ रोजी झाली आणि पुढच्या वर्षी मुंबईत तिचे सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. दुसऱ्या महाविद्यालयासाठी बाबासाहेबांनी मुंबईजवळचे एखादे सोयीचे शहर न निवडता औरंगाबाद निवडले, यामागे मराठवाड्याच्या शैक्षणिक मागासलेपणाचा विचार उघडच होता. पण या भूमीशी त्यांचा संबंध त्याहून जुना होता. १९३४ मध्ये वेरूळच्या लेण्यांकडे जाताना ते सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले असता दारातल्या हौदावर हातपाय धुतल्यावरून ते पाणी बाटवल्याचा आरोप करीत लोक त्यांच्या अंगावर आले, आणि किल्ल्यात पाण्याला हात लावणार नाही या अटीवर शस्त्रधारी शिपायाच्या पहाऱ्यात त्यांना आत सोडले गेले. ही हकीकत त्यांनी स्वतःच आपल्या आत्मकथनपर टिपणांत लिहून ठेवली आहे. तेव्हा कोलंबिया आणि लंडन येथील उच्च पदव्या त्यांच्या नावावर होत्या. दौलताबादपासून काही कोसांच्याच अंतरावर, खाम नदीच्या पलीकडच्या माळावर, सोळा वर्षांनी त्यांनी महाविद्यालय काढले, ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

खाम ही नदी म्हणून लहान आहे. ती जुन्या शहराच्या पश्चिम अंगाने वाहत जाऊन शेवटी गोदावरीच्या खोऱ्याला मिळते. म्हणजे पैठणच्या नाथसागरातून पुढे नांदेडला विष्णुपुरीच्या शंकरसागरात येणाऱ्या पाण्यात तिचाही वाटा आहे. लातूरची मांजरा मात्र बालाघाटच्या डोंगरात उगम पावून लांब वळसा घेत तेलंगणात कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी येथे नवे शहर वसवले ते खामच्या काठी, आणि त्याने डोंगरातले झिरपे जमिनीखालील नळांनी शहरात आणले. ‘नहर’ म्हणून ओळखली जाणारी ही पाण्याची व्यवस्था पुढे शतकानुशतके वाढत गेली. औरंगजेबाच्या काळात, १६८२ च्या सुमारास, शहराभोवती कोट बांधला गेला तेव्हा पश्चिमेकडे खाम हीच संरक्षणाची पहिली रेघ ठरली. साहजिकच त्या बाजूचे दरवाजे आणि पूल एकमेकांपासून वेगळे राहिले नाहीत. मकाई दरवाजा, महमूद दरवाजा आणि बारापुल्ला दरवाजा या तिन्ही ठिकाणी दरवाजाची कमान आणि नदीवरचा दगडी पूल मिळून एकच रचना झाली आहे: मकाई दरवाजातून वाट बेगमपुरा आणि बीबी का मकबऱ्याकडे जाते, महमूद दरवाजा पाणचक्कीला लागून आहे, आणि बारापुल्ल्यातून मिलकॉर्नरच्या बाजूने येणारा रस्ता नागसेनवनाकडे व छावणीकडे, म्हणजे लष्करी वसाहतीकडे, जातो.

या पुलांची बांधणी समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुलाचे ऐतिहासिकपण त्याच्या वयात असते तितकेच त्याच्या कामातही असते. कमानीच्या पुलात तुळई नसते. पाचरीच्या आकाराचे घडीव दगड अर्धवर्तुळात एकाला एक टेकवून बसवले जातात, मधला सर्वांत वरचा दगड बसेपर्यंत त्यांना लाकडी साच्याचा आधार द्यावा लागतो, आणि तो दगड बसल्यानंतर वरून येणारे ओझे दगडांना विलग न करता उलट अधिक घट्ट दाबत नेते. दख्खनच्या काळ्या बेसाल्टला दाब सोसण्याची शक्ती भरपूर आहे, ताण सोसण्याची मात्र नाही. म्हणून या दगडाला कमान मानवते. सांध्यांत भरलेला चुना सिमेंटसारखा आडमुठा नसल्यामुळे थंडी-उन्हाने होणारी दगडांची बारीक हालचाल तो सहन करतो. ओळीने असलेल्या अनेक गाळ्यांमुळे एरवी चिंचोळ्या धारेने वाहणाऱ्या आणि पावसाळ्यात एकाएकी फुगणाऱ्या नदीला वाट मिळते. बैलगाड्या, घोडेस्वार आणि पालख्या यांच्यासाठी झालेल्या या रचनेवरून विसाव्या शतकात मोटारी, बस आणि ट्रक जाऊ लागले, आणि एका वेळी एकाच बाजूचे वाहन जाऊ शकेल अशा कमानीखाली रोजची कोंडी होऊ लागली. अलीकडच्या काळात या दरवाजांच्या शेजारून नवे रुंद पूल बांधण्याचे काम हाती घेतले गेले. ते योग्यच झाले, कारण जुना पूल वाचवण्याचा उत्तम उपाय म्हणजे त्याच्यावरचे ओझे दुसरीकडे नेणे. मात्र रहदारी गेल्यानंतर पुलाच्या सांध्यांत उगवणारी पिंपळाची रोपे कोण काढणार आणि गाळ्यांत साचणारा कचरा कोण उचलणार, या प्रश्नाचे उत्तर नव्या पुलातून आपोआप मिळत नाही.

बारापुल्ला ओलांडून गेल्यावर जो परिसर लागतो त्याला बाबासाहेबांनी नागसेनवन म्हटले. महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसवली गेली, आणि पुढे महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळाले. मिलिंद म्हणजे इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात वायव्य भारतात राज्य करणारा मिनँडर हा ग्रीक राजा. त्याचे आणि भिक्खू नागसेनाचे प्रश्नोत्तररूप संवाद ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आले आहेत. त्या ग्रंथात नागसेन राजाला सांगतो की चर्चा पंडितांच्या रीतीने होणार असेल तर ती करू, राजांच्या रीतीने नाही, कारण पंडितांच्या चर्चेत हरलेला रागावत नाही आणि राजांच्या चर्चेत विरोध करणाऱ्याला शिक्षा होते. प्रश्न विचारणाऱ्याला शिक्षेची भीती नसलेली जागा ही महाविद्यालयाची याहून नेमकी कल्पना क्वचितच कोणी केली असेल. ज्या मुलांना गावात पाटलासमोर किंवा सावकारासमोर प्रश्न विचारण्याची सोय नव्हती त्यांच्यासाठी उभारलेल्या संस्थेला संस्थापकाने प्रश्न विचारणाऱ्याचे नाव दिले आणि परिसराला उत्तर देणाऱ्याचे.

प्राचार्य म्हणून म. भि. चिटणीस यांनी ही संस्था घडवली. त्यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक येथल्याच विद्यार्थ्यांच्या रंगमंचावरून प्रथम समाजापुढे आले, आणि पुढे म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे यांच्यासारख्यांच्या अध्यापनातून व संपादनातून नागसेनवन हे दलित साहित्याच्या विचाराचे केंद्र बनले. पानतावण्यांचे ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक त्याच परिसराच्या वातावरणात वाढले. साहित्याच्या इतिहासात या गोष्टी नोंदवल्या गेलेल्या आहेत. त्यामानाने वसतिगृहाची नोंद कमी झाली आहे, आणि ती व्हायला हवी, कारण मिलिंदचा खरा कणा वर्गखोल्या नव्हत्या, वसतिगृह होते. नांदेड जिल्ह्यातल्या कंधार-मुखेडकडच्या किंवा उदगीर-अहमदपूरकडच्या मुलाला औरंगाबादेत भाड्याची खोली परवडणे दूर राहो, अनेक मोहल्ल्यांत त्याला ती जात विचारल्याशिवाय मिळतही नसे. त्यामुळे राहणे, जेवणे आणि एकत्र बसून वाचणे या तिन्ही गोष्टी संस्थेने दिल्या नसत्या तर प्रवेशअर्जाला काही अर्थ उरला नसता.

या मुलांच्या प्रवासाची वाटही सोपी नव्हती. नांदेडहून येणाऱ्याला निदान एकच गाडी होती, ती गोदावरी खोऱ्यातून मनमाडपर्यंत जाणारी मीटरगेज, म्हणजे रुळांमधले अंतर एक मीटर असलेली रेल्वे, जी पूर्णा, परभणी आणि जालना करीत औरंगाबादला पोचे. लातूर गावाला १९११ पासून रेल्वे होती खरी, परंतु ती बार्शी लाइट रेल्वे होती, अडीच फुटी रुळांची आणि कुर्डुवाडीकडे, म्हणजे नेमकी दुसऱ्या दिशेला, जाणारी. उदगीरच्या बाजूच्या विद्यार्थ्याला विकाराबाद-परळी मार्गाने परळीला येऊन पुढे परभणीमार्गे वळसा घ्यावा लागे. स्थानकावर उतरल्यावर पत्र्याची पेटी घेऊन शहरातून चालत किंवा टांग्याने मिलकॉर्नरपर्यंत, आणि तेथून दरवाजाच्या कमानीखालून पुलावर.

प्र. ई. सोनकांबळे हे या प्रवासाचे सर्वांत विश्वासार्ह साक्षीदार आहेत. त्यांचे बालपण उदगीरच्या परिसरात, आईवडिलांच्या छत्रावाचून, नातेवाइकांच्या आधाराने आणि वारंवारच्या उपासमारीत गेले. तेथून ते मिलिंद महाविद्यालयात आले, इंग्रजीचे प्राध्यापक झाले आणि १९७९ मध्ये त्यांचे ‘आठवणींचे पक्षी’ हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. मराठी दलित आत्मकथनांच्या पहिल्या पिढीतले हे पुस्तक आज लातूर जिल्ह्यात मोडणाऱ्या मुलखाच्या बोलीत लिहिलेले आहे, आणि त्या बोलीला साहित्यात आणणाऱ्या थोड्या पुस्तकांपैकी ते एक आहे. लातूरच्या शिक्षणाविषयी आज जे बोलले जाते त्यात १९६१ चे दयानंद महाविद्यालय, १९७० चे राजर्षी शाहू महाविद्यालय आणि पुढे गाजलेला ‘लातूर पॅटर्न’, म्हणजे परीक्षेच्या तयारीची तेथली पद्धत, यांचा उल्लेख न चुकता येतो, आणि तो यावाही; पण उदगीरचा एक अनाथ मुलगा औरंगाबादच्या वसतिगृहात राहून इंग्रजी साहित्य शिकवू लागला, ही लातूरच्या शैक्षणिक इतिहासाची त्यांच्याइतकीच महत्त्वाची घटना मानली गेली पाहिजे. गुणवत्ता यादीच्या भाषेत तिची नोंद होऊ शकत नाही, एवढेच.

नागसेनवनाच्या उत्तरेला, औरंगाबाद लेण्यांच्या डोंगराखाली, २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले आणि नांदेड-लातूरची महाविद्यालये त्याला जोडली गेली. २७ जुलै १९७८ रोजी राज्य विधिमंडळाने या विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला तेव्हा त्याविरुद्ध उसळलेल्या हिंसाचाराचा सर्वाधिक तडाखा ज्या भागांना बसला त्यांत नांदेड जिल्हा होता. टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे ४ ऑगस्ट १९७८ रोजी मारले गेले, ठिकठिकाणी दलित वस्त्या जाळल्या गेल्या, आणि पंधरा वर्षांनंतरही निर्णय होत नाही हे पाहून २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. ज्या जिल्ह्यातून मुले बारापुल्ला ओलांडून शिकायला गेली त्याच जिल्ह्यात त्यांच्या आईवडिलांची घरे पेटवली गेली, हे सत्य सौम्य शब्दांत सांगण्याचे कारण नाही. शिकून परतलेला तरुण गावात दिसू लागला होता, तो ताठ मानेने चालत होता, आणि नामांतराला झालेल्या विरोधात विद्यापीठाच्या नावापेक्षा त्या चालण्याचा राग अधिक होता, असाच निष्कर्ष उपलब्ध घटनाक्रमातून निघतो.

१४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचे नाव ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ झाले, आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन होऊन नांदेड, लातूर आणि परभणी (त्यात आजचा हिंगोलीही आला) हा भाग त्याच्याकडे गेला. एकाच वर्षातल्या या दोन निर्णयांनी नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्यांचा औरंगाबादशी असलेला प्रशासकीय संबंध संपला. नवे विद्यापीठ गोदावरीच्या उजव्या तीरावर विष्णुपुरीला असल्यामुळे नांदेड शहरातल्या विद्यार्थ्याला आजही पूल ओलांडूनच विद्यापीठात जावे लागते, पण तो पूल सिमेंट-काँक्रीटचा, लातूरकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावरचा आहे आणि त्याच्या टोकाला दरवाजा नाही. घराजवळ विद्यापीठ आले ही निःसंशय चांगली गोष्ट झाली. मात्र तिच्याबरोबर मागच्या चार दशकांच्या स्थलांतराची आठवणही दोन विद्यापीठांच्या हद्दीत दुभंगली: औरंगाबादचे संशोधक तिला नांदेडची समजतात आणि नांदेडचे संशोधक तिला औरंगाबादची.

त्यामुळे नांदेड किंवा लातूरहून आज मिलिंद महाविद्यालय पाहायला जाणाऱ्याने ते वेरूळ-अजिंठ्याच्या सहलीतला एक थांबा म्हणून पाहू नये. शक्य असेल तर मिलकॉर्नरला वाहन सोडून, नव्या पुलाने न जाता जुन्या दरवाजाखालून पायी पलीकडे जावे, नदीचे आजचे रूप, ते सुखद नसले तरी, पाहावे, आणि नंतर नागसेनवनात शिरावे. परंतु पाहण्यापेक्षा तातडीचे काम वेगळे आहे. १९५० च्या जूनमध्ये सोळा वर्षांचा असलेला विद्यार्थी आज नव्वदी ओलांडून गेलेला आहे, आणि साठच्या दशकातले विद्यार्थीही सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. ते कोणत्या गावातून निघाले, गाडीभाड्याचे पैसे कोणी दिले, शेत किंवा भांडी गहाण पडली का, वसतिगृहात पहिल्या रात्री कोणाशेजारी झोपले, सुटीत गावी परतल्यावर पाणवठ्यावर त्यांच्याशी कोण कसे वागले, त्यांच्या बहिणींपैकी कोणी त्यांच्यामागून शिकायला आले का, ही माहिती कोणत्याही सरकारी दप्तरात मिळणार नाही. महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या नोंदवह्या आणि वार्षिकांक यांतून नावे आणि गावे कळतील. बाकीचे त्या माणसांकडूनच ऐकावे लागेल, आणि ते ऐकण्याची सुरुवात उदगीर, अहमदपूर, कंधार, मुखेड आणि देगलूर या तालुक्यांतूनच करावी लागेल, जेथे नांदेड आणि लातूरच्या इतिहास विभागांचे विद्यार्थी आजही रोज एस.टी.ने ये-जा करतात.